मजल्यांचा केक आणि त्याचे खांब

मातीच्या भांड्यांचा वापर घरोघर होता त्या काळीं भंडारा जिल्ह्यांतल्या शेतकऱ्याच्या घरांत उतरंड ही हटकून दृष्टीस पडावयाची. तळाशीं पोट सुटलेला मोठा माठ, त्यावर त्याहून लहान मडकें, त्यावर गाडगें आणि सर्वांत वर एखादें बोळकें. कशांत डाळ, कशांत बियाणें, कशांत मीठ. उतरंडीला दाणा असणें म्हणजे घरीं सुबत्ता असणें, हा अर्थ म्हणींतहि शिरला आहे. अशी ही उतरंड वर्षानुवर्षें उभी राही, ती कशाच्या बळावर? वरच्या मडक्याचें वजन खालच्या मडक्याच्या कांठावर पडतें. कांठावरून तें गळ्यांत आणि गळ्यांतून फुगीर पोटाच्या भिंतींत उतरतें, आणि अखेर जमिनीला पोंचतें. मडकें पोकळ असलें तरी त्याची भाजलेली भिंत दाब सोसण्यास चांगली समर्थ असते. आंत भरलेल्या डाळीवर मात्र त्या वजनाचा कणभरहि भार येत नाहीं. ही शेवटची गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे; कारण पुढील सर्व विवेचन तिच्यावर उभें आहे.

आतां या घरांत उतरंडीच्याच घाटाची एक नवी वस्तु आली आहे. ती म्हणजे मजल्यांचा केक. भंडारा, तुमसर, साकोली, पवनी येथें मुलाचा पहिला वाढदिवस, साखरपुडा किंवा लग्नाचा स्वागतसमारंभ अशा प्रसंगीं तो मांडला जातो; आणि तो बाजारांतून आणण्याऐवजीं घरींच करण्याची हौस वाढली आहे. कित्येक भगिनींनीं तर घरबसल्या त्याचा उद्योगहि उभारला आहे. मैदा, अंडीं, लोणी, साखर यांचा खर्च थोडा नसतो. दोन दिवसांचे श्रम त्यांत जातात. आणि समारंभाची वेळ कांहीं पुढें ढकलतां येत नाहीं. अशा वेळीं पाहुणे जमले असतां केक एका अंगाला कलला, तर पैशाचें नुकसान होतेंच, पण करणारीची उमेद खचते ती निराळीच. शिवाय दोष बहुधा भलत्यालाच दिला जातो. केक नीट भाजला नाहीं, फार मऊ झाला, असें जो तो म्हणतो. वस्तुतः मऊ असणें हा केकचा गुण आहे. चूक भाजण्यांत झालेली नसते, रचण्यांत झालेली असते.

रचनेचा विचार करण्यापूर्वीं दोन शब्दांची गल्लत टाळली पाहिजे. एक पदर आणि दुसरा मजला. केक आडवा कापून त्याच्या दोन-तीन चकत्या करतात व त्यांच्यामध्यें क्रीम किंवा मुरंबा भरतात. या चकत्या म्हणजे पदर. असे पदर मिळून सुमारें चार इंच उंचीचा जो एक पूर्ण केक होतो तो एक मजला. आणि मोठ्या मजल्यावर लहान मजला ठेवला म्हणजे मजल्यांचा केक होतो. पदरांना निराळा आधार लागत नाहीं. गोव्याच्या बेबिंकेचेंच उदाहरण घ्यावें. नारळाचें दूध, अंड्यांचा बलक, साखर, मैदा आणि तूप यांचा पातळसा थर भाजावयाचा, त्यावर दुसरा ओतून पुन्हा भाजावयाचा, अशा रीतीनें ती करतात. प्रत्येक थर खालच्या थराशीं भाजतांनाच एकजीव होतो, आणि सगळी बेबिंका मिळून एकच घट्ट व बुटकी वस्तु बनते. तिला कोसळण्याचें भय कसलें? भय उत्पन्न होतें तें मजल्यावर मजला चढूं लागला म्हणजे.

उंच केकची ही रीत मुळांत इंग्लंडांतील राजघराण्याच्या विवाहांतून लोकप्रिय झाली. राणी व्हिक्टोरिया हिच्या १८४० सालच्या विवाहांतील मुख्य केक सुमारें ३०० पौंड वजनाचा होता, परंतु तो एकाच मजल्याचा व रुंद असा होता. पुढें १८५८ सालीं तिच्या ज्येष्ठ कन्येच्या विवाहांत उंच, मजलेदार केक मांडला गेला. त्याचा वरचा बराचसा भाग मात्र निवळ साखरकामाचा होता. राजकन्या एलिझाबेथ हिच्या २० नोव्हेंबर १९४७ रोजीं झालेल्या विवाहांतील केक चार मजल्यांचा, सुमारें नऊ फूट उंच आणि ५०० पौंड वजनाचा होता. हे आंकडे वाचून आपल्या घरचा दोन मजल्यांचा केक सहज उभा राहील असें कोणास वाटेल. परंतु विलायतेंतील तो जुना केक सुक्या मेव्यानें ठासून भरलेला, जड व घट्ट असे. आणि त्यावर अंड्याचा पांढरा बलक व साखर यांचें जें लेपण असे, तें वाळल्यावर खडीसाखरेसारखें कडक होई. तो केक आपल्या कवचाच्या बळावर पुष्कळ सोसूं शकत असे. घरीं आज होतो तो स्पंज केक. त्याचा मोठा भाग हवेच्या बारीक बुडबुड्यांनीं व्यापलेला असतो, आणि बाहेरचें क्रीम हें कवच नसून नुसतें पांघरूण असतें.

अशा केकवर भार तरी किती येतो तें पाहूं गेल्यास हिशेब सोपा आहे. मजले १०, ८ आणि ६ इंच व्यासाचे आणि प्रत्येकीं ४ इंच उंचीचे धरले, तर क्रीमसह सर्वांत खालचा मजला अडीच ते तीन किलो, मधला दीड ते दोन किलो आणि वरचा एक किलोच्या आसपास भरतो. म्हणजे तळच्या मजल्याच्या डोक्यावर सुमारें तीन किलोंचें ओझें आलें. येथें आणखी एक नियम आड येतो. गॅलिलिओनें १६३८ सालच्या आपल्या ग्रंथांत असें दाखविलें कीं वस्तूचीं सर्व मापें दुप्पट केलीं असतां तिचें वजन आठपट होतें, परंतु तें वजन झेलणाऱ्या पृष्ठाचें क्षेत्रफळ चौपटच वाढतें. अर्थात् प्रत्येक चौरस इंचावरचा दाब दुप्पट होतो. लहानसा दोन मजल्यांचा केक एकदां आधाराविना निभावला, म्हणून त्याच कृतीनें केलेला मोठा केकहि निभावेल, हा तर्क या नियमामुळें फसवा ठरतो.

पुन्हा केक एकाएकीं कोसळत नाहीं, म्हणून धोका वेळीं दिसत नाहीं. रचल्याबरोबर तो देखणा दिसतो. तासाभरानें खालच्या मजल्याच्या अंगाला किंचित् फुगवटा येतो. वजनाखालीं स्पंज दबत जातो आणि पदरांतलें क्रीम बाहेर ढकललें जातें. हें दबणें सर्व बाजूंनीं सारखें होत नाहीं. जी बाजू थोडी अधिक मऊ, तिकडे वरचा मजला कलतो. तो कलला म्हणजे वजन त्याच बाजूवर अधिक पडतें, आणि त्या बाजूचें दबणें आणखी वाढतें. याप्रमाणें दोष आपणच आपल्याला वाढवीत नेतो, आणि शेवटीं वरचा मजला घसरतो. खांबांविना रचलेला केक म्हणजे मडकीं काढून घेऊन डाळीच्या ढिगावर रचलेली उतरंडच होय.

मग यावर उपाय कोणता? केक घट्ट करावा हा उपाय नव्हे. त्यानें केकचा केकपणाच जातो. खरा उपाय भंडाऱ्याच्या शेतकऱ्यास पूर्वींपासून ठाऊक आहे. धानाच्या बांधींत रोवणीनंतर चिखल किती मऊ असतो हें सांगावयास नको. तरी त्याच बांधींत रानडुकरांपासून पीक राखण्यासाठीं तो मचाण उभारतो. मचाण चिखलावर टेकलेलें नसतें. त्याचे खांब चिखल भेदून खालच्या टणक जमिनींत गेलेले असतात, आणि माणसाचें वजन त्या खांबांवाटें जमिनीला पोंचतें. चिखल खांबांभोंवतीं असतो एवढेंच. मजल्यांच्या केकचें शास्त्र यापलीकडे नाहीं. वरचा मजला हें मचाण, खालचा केक हा चिखल आणि तळची फळी ही टणक जमीन. वरचें वजन केकनें उचलावयाचेंच नाहीं. त्याला खांबांवाटें थेट फळीपर्यंत वाट करून द्यावयाची.

तेव्हां आरंभ फळीपासून करावा. तळच्या फळीला वांक येतां कामा नये. कारण ती उचलतांना थोडी वांकली कीं वरचे सर्व खांब फांकतात. पातळ पुठ्ठा येथें चालत नाहीं. अर्ध्या इंचाची प्लायवुडची फळी, किंवा घरांतला सपाट शिसवी पाटहि, वर खाद्यपदार्थांस चालणारा कागद घट्ट लावून उपयोगांत आणतां येतो. याशिवाय वरच्या प्रत्येक मजल्याखालीं त्याच्याच मापाचा पक्का पुठ्ठा असलाच पाहिजे. हा पुठ्ठा म्हणजे मचाणाची तक्तपोशी. ती नसेल तर खांब वरच्या केकच्या पोटांत भाल्यासारखे घुसतील, आणि सर्व खटाटोप व्यर्थ जाईल.

खांब कशाचे असावेत? लिओनार्ड ऑयलर या गणितज्ञानें १७४४ सालीं बारीक स्तंभ दाबाखालीं कसे वांकतात याचें गणित मांडलें. त्यावरून असें निघतें कीं भरीव गोल खांबाची जाडी दुप्पट केली तर वांकण्याविरुद्ध त्याचें बळ सोळापट होतें, आणि लांबी निम्मी केली तर चौपट. म्हणून दोन-तीन मिलिमीटर जाडीच्या काड्यांचा जुडगा खुपसण्यापेक्षां बोटाएवढ्या जाडीचे चार खांब अधिक भरंवशाचे. बारीक काडी केकमध्यें तिरकीहि सहज होते. जाड खांब आपल्या जागीं ताठ राहतो. पोकळ नळी या कामीं विशेष सोयीची. कारण तिच्या भिंतीचें द्रव्य मध्यापासून दूर असल्यामुळें थोड्या द्रव्यांत अधिक ताठपणा येतो, आणि ती केकमध्यें शिरतांना केक न फाडतां गोल कापीत जाते. पूर्वीं कित्येकजणी जाड पेयांसाठीं मिळणाऱ्या प्लॅस्टिकच्या रुंद नळ्या वापरीत. अशा एकदांच वापरून टाकावयाच्या नळ्यांवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे. त्यांच्या जागीं येणारी कागदाची नळी केकच्या ओलाव्यानें नरम पडते, म्हणून ती खांब म्हणून निरुपयोगी समजावी. केकसाठींच बनविलेले जाड पोकळ खांब बाजारांत मिळतात. त्यांना डॉवेल म्हणतात. ते जवळपास न मिळाल्यास अडून बसण्याचें कारण नाहीं. पूर्व विदर्भाच्या वनांत होणारा मानवेल जातीचा बांबू बराच भरीव असतो. बुरुडाकडून त्याच्या पेन्सिलीएवढ्या जाडीच्या, सरळ व गुळगुळीत दांड्या तासून घ्याव्यात. बांबू ओला, बुरसटलेला किंवा औषध अथवा रंग लाविलेला नसावा. दांड्या पाण्यांत उकळून, कडक वाळवून मगच वापराव्यात. आणि त्यांचीं टोंकें अणकुचीदार न ठेवतां सपाट कापावीत.

खांबांची संख्या वरच्या मजल्याच्या मापावर ठरते. वर ६ इंचांचा मजला यावयाचा असेल तर चार, ८ इंचांचा असेल तर सहा खांब पुरेसे होतात. वरच्या मजल्याच्या मापाचा कोरा पुठ्ठा खालच्या मजल्याच्या माथ्यावर हलकेच टेकवून त्याची वर्तुळाकार खूण उमटवावी, आणि त्या खुणेच्या एक इंच आंत सारख्या अंतरावर खांब रोवावेत. खुणेबाहेर गेलेला खांब कांहींच उचलीत नाहीं. तीन मजले असतील तर तळच्या मजल्यांत सहा आणि मधल्यांत चार, असे निरनिराळे खांब द्यावे लागतात.

यानंतरची पायरी दिसावयास लहान, पण बहुतेक अपयश तिच्याच पोटीं जन्मास येतें. प्रत्येक खांब ज्याच्या त्याच्या जागेच्या खोलीप्रमाणें कापण्याचा मोह होतो. परंतु केकचा माथा कधींहि अगदीं समतल नसतो. खांब त्याच्याबरहुकूम कापले तर माथ्याचा उतार वरच्या मजल्याला जसाच्या तसा मिळतो. म्हणून केकचा माथा जेथें सर्वांत उंच असेल तेथें एक दांडी फळीला टेकेपर्यंत सरळ खालीं घालावी, क्रीमच्या पातळीवर खूण करावी, ती बाहेर काढून कापावी आणि बाकीच्या सर्व दांड्या तिच्याच मापानें कापाव्यात. सर्व खांब एका लांबीचे झाले म्हणजे त्यांच्यावर टेकलेला पुठ्ठा आपोआपच फळीशीं समांतर राहतो, मग केकचा माथा कसाहि असो. एखाद्या ठिकाणीं पुठ्ठा आणि केक यांत दोराएवढी फट राहिली तर तींत क्रीम भरावें. फळी स्वतः समतल आहे कीं नाहीं हें पाहण्यासाठीं गवंड्याचें पाणसळ असल्यास उत्तमच. नसल्यास सपाट ताटलींत थोडें पाणी घालून ती फळीवर ठेवावी. पाणी ज्या बाजूला जमेल ती बाजू खालीं आहे असें समजावें.

हे आंखूड खांब उभें वजन पेलतात. आडव्या धक्क्याला मात्र ते पुरे पडत नाहींत. मोटार एकदम थांबली म्हणजे केक मागच्याच वेगानें पुढें जाऊं पाहतो, आणि वरचा मजला पुठ्ठ्यासकट सरकतो. त्यासाठीं सर्व मजल्यांच्या मधोमध एक लांब दांडी वरून खालपर्यंत घालावी लागते. तिचें खालचें टोंक तासलेलें असावें, आणि प्रत्येक पुठ्ठ्याच्या मध्यावर आधींच भोंक पाडून ठेवावें, म्हणजे ठोकतांना केक हादरत नाहीं. ही दांडी ओझें वाहत नाहीं, ती मजल्यांना केवळ एका रेषेंत धरते. दोन्ही खांबांचीं कामें निराळीं आहेत. मधल्या एका दांडीवर सगळा भरंवसा ठेवणाऱ्याचा केक सरकत नाहीं, पण खचतो.

पदरांच्या आंतील मऊ सारणाचीहि व्यवस्था ठेवावी लागते. आंब्याचा रस किंवा मुरंबा कडेपर्यंत पसरला तर तो चकत्यांच्या भारानेंच बाहेर येतो आणि बाहेरचें लेपण सोलून काढतो. बांधीला जसा धुरा असतो आणि धुऱ्यामुळें पाणी आंत राहतें, तसा प्रत्येक चकतीच्या कडेनें घट्ट क्रीमचा बोटभर रुंद धुरा घालावा व सारण त्याच्या आंत, धुऱ्याच्या उंचीहून थोडें खालींच ठेवावें.

भंडारा जिल्ह्यांत या सर्वांवर मात करणारा एक शत्रु आहे, तो म्हणजे उन्हाळा. लग्नसराई आणि वैशाख एकाच वेळीं येतात. मे महिन्यांत पारा ४० अंशांच्या वर सहज जातो, आणि लोणी तर ३२ ते ३५ अंशांच्या दरम्यानच वितळूं लागतें. खांब वजन पेलतील, पण वितळलेलें बटरक्रीम भिंतीला चिकटवून ठेवणें त्यांच्या हातीं नाहीं. अशा दिवसांत चॉकलेट आणि क्रीम एकत्र करून केलेलें गनाशाचें लेपण अधिक टिकतें; त्यासाठीं काळें चॉकलेट क्रीमच्या दुप्पट व पांढरें तिप्पट वजनाचें घेण्याचा परिपाठ आहे. तथापि भर उन्हांत गनाशहि हार खातें. म्हणून मजले आदल्या रात्रीं शीतकपाटांत गार करून, वेगवेगळ्या खोक्यांतून सकाळीं नेणें आणि समारंभाच्या जागीं सांवलींत रचणें हेंच श्रेयस्कर. खांब घरींच मापून, कापून, रोवून ठेवावेत. तिकडे गेल्यावर केवळ मजल्यावर मजला टेकवावा व मधली दांडी घालावी. साकोलीहून भंडाऱ्यास यावयाचें झालें तरी रस्ता सुमारें ४० किलोमीटरांचा. तेवढ्यांत गतिरोधक किती लागतात याची कल्पना प्रवास करणाऱ्या सर्वांस आहे. खोकें मांडीवर घेऊं नये. मांडी तिरपी असते आणि गरमहि असते. गाडीच्या सपाट तळावर, खालीं घसरूं न देणारें रबरी कापड अंथरून तें ठेवावें.

प्रथमच असा केक करणारीनें समारंभाच्या आठवडाभर आधीं एक परीक्षा करून पाहावी. साधा, बिनसजावटीचा एक स्पंज केक फळीवर ठेवावा, त्यांत सांगितल्याप्रमाणें खांब रोवावेत, वर पुठ्ठा ठेवावा आणि पुठ्ठ्याच्या मध्यावर पाण्यानें भरलेलें भांडें ठेवावें. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. त्यांत भांड्याचें वजन मिळविलें कीं वरच्या मजल्याएवढें ओझें सहज जुळवितां येतें. पितळेच्या भांड्यांसाठीं भंडाऱ्याची ख्याति असल्यामुळें या कामीं तांब्या शोधावयास फार दूर जावें लागत नाहीं. रात्रभर तें तसेंच राहूं द्यावें. सकाळीं पुठ्ठा समतल असेल आणि केकच्या अंगाला फुगवटा नसेल, तर खांब बरोबर आहेत. मग खांब काढून तोच तांब्या तसाच केकवर ठेवून पाहावा. दोहोंतला फरक एकदां डोळ्यांनीं पाहिला म्हणजे दहा पुस्तकें वाचण्याची गरज उरत नाहीं.

केक कापण्याच्या वेळींहि खांबांचा विसर पडूं देतां कामा नये. रचतांना खालून वर गेलें तर उतरवितांना वरून खालीं यावें. प्रथम मधली दांडी उपटावी, नंतर एकेक मजला पुठ्ठ्यासकट उचलून बाजूस ठेवावा, आणि मग त्या त्या मजल्यांतले खांब काढावेत. खांब किती घातले तो आंकडा रचतांनाच एका चिठ्ठीवर लिहून ती फळीच्या खालीं चिकटवावी. कारण कापणारा हात बहुधा रचणाराचा नसतो. सहा खांब घातले असतील तर सहाच्या सहा मोजून ताटलींत आले पाहिजेत. तोंवर त्या मजल्याचा तुकडा कोणाहि मुलाच्या हातीं देऊं नये.